सान इसिद्रोची पक्की वही

"आज पुन्हा पूकापाता गावच का?" दप्तरखाना सांभाळणाऱ्या एवारिस्तोने चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"हो," नेलिदा म्हणाली आणि मागणीची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली.

"बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? पोरानं तीनदा तेच चुकीचं उत्तर आणून दाखवलं तर काय करता?"

"चौथ्यांदा करायला लावते."

"बरं झालं, मी तुमच्या वर्गात नव्हतो." त्याने चिठ्ठी बाजूला ठेवली, केटलीतलं कोकाच्या पानांचं गरम पाणी दोन कपांत ओतलं आणि एक कप तिला दिला. "हे टेबलाशी न्यायचं नाही. इथेच दाराशी उभं राहून प्यायचं. कागदाजवळ ओलं काही नको. शाईचं पेनही नको."

"माहीत आहे, डॉक्टर."

"डॉक्टर नका म्हणू. या इमारतीत शिपायालाही डॉक्टर म्हणतात, आणि तो ओ देतो."

विद्यापीठाच्या दप्तरखान्यात नेलिदा या महिन्यात तिसऱ्यांदा आली होती. जुन्या मठाच्या तळमजल्यावरची लांबट खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, आणि त्यांवर वर्षावार बांधलेले विद्यार्थ्यांचे निबंध. तीसेक वर्षं भूगोलाच्या सरांचा एकच शिरस्ता होता. सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या गावी जायचं आणि गावाबद्दल लिहून आणायचं. हवामान, पिकं, खाणंपिणं, सण, समजुती, शेवटी हाताने काढलेला नकाशा. शेवटचा मजकूर शाईने, पक्क्या वहीत, एकही खाडाखोड न करता. ते सर गेले, त्यांची मुलं कुठे कुठे पांगली, पण वह्या राहिल्या. बाहेर चौकात विद्यार्थ्यांची पथकं जूनच्या सणांसाठी नाचाचा सराव करत होती. ढोलाचा आवाज दगडी भिंतींतून आत येई तेव्हा त्याची धार गेलेली असे.

नेलिदाची आई सातुर्निना जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते.

सान ब्लासच्या चढावर आईची खाणावळ होती, चाळीस वर्षं. दाराशी एक काळा फळा. सकाळी बाजारातून आली की ती खडूने त्यावर त्या दिवशीचे पदार्थ लिहायची, आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकायची. अक्षर असं, की भूक नसलेली माणसंही थांबून वाचत. प्राध्यापक मंडळी तर तोंडावर सांगत, सातुर्निना, तुमच्या सारापेक्षा त्याचं नाव जास्त चविष्ट आहे. आई म्हणायची, मग नाव खा आणि उठा, रांग लागलीय.

ती गेल्यावर नेलिदाने सगळे खण उपसले. कागदावर आईचं म्हणून तीन चिठोरे निघाले. मीठ, तेल, मेणबत्त्या. बाकी सगळं खडूचं होतं आणि पुसलं गेलं होतं.

अक्षर पुसलं गेलं याचं एवढं नव्हतं. नेलिदाला वाटायचं ते वेगळंच. आई दहा वर्षांची असताना पूकापाताहून कुस्कोला आली, एका बड्या घरची मानलेली लेक म्हणून, म्हणजे भांडी घासायला. त्याआधीची दहा वर्षं तिने कधी उघडली नाहीत. नेलिदा सात वर्षांची असल्यापासून विचारत आली होती. तुझ्या गावी काय होतं?

"गारठा."

तुझी आई कशी होती?

"गारठलेली." आणि आई कांदा चिरायला घ्यायची.

बाजारातल्या बायकांशी ती केचुआत भराभरा बोलायची, हसायची, हातवारे करायची. नेलिदा जवळ आली की सगळ्या जणी स्पॅनिशवर यायच्या, आणि स्पॅनिशमध्ये बोलण्यासारखं आईकडे फक्त भाव आणि औषधं असायची. नेलिदाने कॉलेजात शेकडो पुस्तकं वाचली, दुसऱ्यांच्या आयांविषयी सगळं वाचलं. तिशीत ती एकटीच बस पकडून पूकापाताला जाऊन आली. जुनी वस्ती उठून केव्हाच खाली रस्त्याकडेला आली होती. एक फुटबॉलचं मैदान, एक दुकान. आईच्या, पूमा आडनावाचं तिथे कुणी उरलं नव्हतं. परत आल्यावर आईने एवढंच विचारलं, "स्वेटर नेला होतास ना?"

दप्तरखान्याचा पत्ता तिला ओढ्यावर लागला होता. आई गेल्याच्या आठव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिचे कपडे धुवायला सगळे शहराबाहेरच्या ओढ्यावर गेले होते. आईची मैत्रीण बेनिग्ना, ऐंशीच्या घरातली, दगडावर बसून घागरे खळबळत होती. सकाळपासून ती मेलेल्या मैत्रिणीला टोमणे मारत होती, कारण त्या दिवशी रडायची पाळी दुसऱ्यांची असते असं तिचं मत होतं.

"बघा ही महाराणी," तिने एक घागरा पिळत म्हटलं. "साठ वर्षं विद्यापीठात बसलीय, आणि हिचे कपडे धुवायला आम्ही."

"मावशी, आई नन्सच्या शाळेत चौथीपर्यंत होती," नेलिदा म्हणाली.

"मी शिकली म्हटलं का? बसलीय म्हटलं." बेनिग्नाने घागरा तिच्या अंगावर टाकला. "धर ते टोक. आम्ही दोघी बोर्डिंगात कामाला होतो, माहिताय ना? वर पोरं राहायची. मळेवाल्यांची, पोटं सुटलेली. सुट्टीत घरी जाऊन गावाबद्दल लिहून आणायचं असायचं. जातात कशाला. इथेच बिलियर्ड खेळत बसायची आणि काहीतरी खरडायची. आणि अक्षर म्हणशील तर कोंबडी चिखलातून पळाल्यासारखं. मग ते कच्चे कागद यायचे तुझ्या आईकडे. ती पक्क्या वहीत उतरवून द्यायची."

"किती वह्या उतरवल्या तिने?"

"मला काय ठाऊक, मला कुठे वाचता येतं. पण एका रात्री रडत होती. म्हटलं काय गं, शाई सांडलीस? तर म्हणाली, त्या जाड्याने माझं गाव लिहिलंय, बेनिग्ना, आणि सगळं खोटं लिहिलंय."

नेलिदाच्या हातातलं टोक सुटलं आणि घागरा पाण्यात पडला. "मग?"

"मग काय. उतरवलं. मालकीणबाईंनी सांगितलेलं काम, नाही म्हणायची सोय होती का? पण दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना आपली हसतेय. किती विचारलं. पाव तोंडात घालून हसत राहिली. तो घागरा पकड आधी, वाहून चाललाय."

"त्या जाड्याचं नाव काय होतं?"

"जाड्या," बेनिग्ना म्हणाली. "समोर असला की साहेब."

त्या दिवसापासून नेलिदा मनात एकच गोष्ट धरून बसली होती. आईच्या गावाबद्दलची एक वही आईच्या हातून गेली होती. खोटं उतरवताना ती रडली आणि मग हसली. रडणं आणि हसणं यांच्या मध्ये तिने त्या वहीत काहीतरी केलं असणार. चाळीस वर्षं विचारून जे मिळालं नाही, त्यातलं एखादं वाक्य तरी तिथे असेल.

पण यादीत पूकापाता नव्हतं. पहिल्या खेपेला तिने गावांची यादी पाहिली, दुसऱ्या खेपेला लेखकांची. एकावन्न, बावन्न, त्रेपन्न, आई बोर्डिंगात होती ती तिन्ही सालं. आज काय वेगळं शोधायचं ते तिलाही माहीत नव्हतं. घरी बसवत नव्हतं म्हणून ती आली होती.

एवारिस्तोने कप खाली ठेवला. "एक विचारू? तुमच्या आईच्या लहानपणी ते गाव कुणाचं होतं?"

"गाव कुणाचं म्हणजे?"

"बाई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवता?"

"भाषा."

"तरीच." त्याने खुर्ची ओढून तिला बसायला दिली आणि स्वतः उभा राहिला. "माझा बाप मळ्यावर जन्मला. आमच्या वस्तीला नाव होतं, झरा होता, देऊळ होतं. आमच्या लेखी ते गाव. मालकाच्या पोराला विचाराल तर तो काय सांगेल? आमचा मळा. सरांनी सांगितलं, आपापल्या गावावर लिहा. तो बिचारा आपल्याच गावावर लिहिणार. त्यात तुमचं पूकापाता कुठे? असेल एखाद्या ओळीत, गोठ्याच्या आणि गव्हाच्या कोठाराच्या मध्ये. मळ्याचं नाव काय होतं?"

"ते नाही माहीत."

"आईचा जन्मदाखला?"

दाखला नव्हता. बाप्तिस्म्याचा उतारा होता, मृत्यूच्या नोंदीसाठी काढलेला, अजून तिच्या पिशवीतच. तिने घडी उलगडली. सातुर्निना पूमा, तिच्या आईबापांची नावं, आणि खाली: सान इसिद्रो येथे. गेल्या दीड महिन्यात हा कागद तिने निदान दहा खिडक्यांवर दाखवला होता. सान इसिद्रो म्हणजे तिथलं देऊळ असणार, असं धरून ती चालली होती.

एवारिस्तो कागद न घेता नुसता वाकून वाचत होता. "झालं," तो म्हणाला. "तीन वेळा पायपीट. आणि सान इसिद्रो पिशवीत."

वही यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. साल एकोणीसशे बावन्न. *सान इसिद्रोचा मळा: भूमी, हवा आणि लोक.* लेखक रेनान ओबांदो. पुठ्ठ्याचं बांधकाम, वरून सुती नाडी. एवारिस्तोने ती तिच्यापुढे ठेवली आणि आपल्या टेबलाशी जाऊन फायली लावू लागला.

तिने नाडी सोडली, पहिलं पान उघडलं, आणि बराच वेळ पुढे गेलीच नाही. पहिल्या शब्दाचा मोठा एच. दोन उभे खांब आणि मध्ये जराशी सैल पडलेली रेघ, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. रोज सकाळी फळ्यावर हाच एच असायचा, "आज" या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाच्या सुरुवातीला. शाळेत जाताना नेलिदा त्याच्याखालून जायची. इथे तो काळ्या शाईत होता, लहान होता, आणि कुणी पुसला नव्हता.

मग ती वाचू लागली.

"सान इसिद्रोचे स्थानिक लोक स्वभावाने सुस्त असून मद्याचे शौकीन आहेत. स्वच्छतेची त्यांना आवड नाही. तथापि मालकांच्या मायाळू वागणुकीमुळे ते समाधानी आहेत व आपली वेठ आनंदाने करतात."

प्रत्येक अक्षर आईचं. सुस्त हा शब्द तिने किती नीट काढला होता. नेलिदाने त्या ओळींत कुठे हात थरथरला आहे का ते पाहिलं, कुठे टाक जास्त दाबला गेला आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. ओळ आखल्यासारखी सरळ चालली होती. अठरा वर्षांची मुलगी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात बसून आपल्या आईबापांना आळशी आणि घाणेरडे लिहीत होती, सुवाच्य, समास सोडून. हवामानाची पाच पानं. जनावरांची चार. मालकांच्या घराण्याची नऊ. नकाशात बंगला लाल रंगवलेला, आणि टेकडीच्या कुशीत बारीक बारीक ठिपके. ते ठिपके म्हणजे माणसांची घरं हे खाली दिलेल्या खुणांवरून कळत होतं.

"सापडलं?" एवारिस्तोने लांबूनच विचारलं.

"अक्षर सापडलं."

"मग असं तोंड का?"

"बोलतोय दुसराच."

नेलिदाला वाटलं, आता वही मिटावी. इतक्या लांबून येऊन आईच्या हाताची एवढीच ओळख पटायची असेल, तर तीही पुरे म्हणावी आणि उठावं. पण पानं संपली नव्हती, आणि सुरू केलेलं पुस्तक अर्ध्यावर टाकायची तिला सवय नव्हती.

एकतिसाव्या पानावर आहाराचं प्रकरण सुरू झालं. ओबांदोने मक्याची आणि बटाट्याची नावं यादीसारखी मांडली होती. मग त्याने लिहिलं होतं, की हे लोक बटाटा गोठवून वाळवतात, त्यास चून्यो म्हणतात, तो वर्षानुवर्षे टिकतो. परिच्छेद तिथे संपायला हवा होता. तो संपला नाही. अक्षर तेच, शाई तीच, ओळही मोडली नव्हती, फक्त वाक्यं अचानक लहान झाली होती.

"चून्योसाठी आकाश बघावे लागते. संध्याकाळी ढग नसले आणि तारे जवळ आल्यासारखे दिसले तर दंव पडेल. बटाटे गवतावर पसरायचे. एकावर एक नाही, शेजारी शेजारी. तीन रात्री ठेवायचे. कुत्री येतात, म्हणून त्यांच्याजवळच झोपायचे. चौथ्या दिवशी ऊन चढले की बटाटा दगडाचा राहत नाही, बोटाने दबतो. मग लहान लहान ढीग करून अनवाणी तुडवायचे. पहिल्या ढिगाला पाय भाजतात. दुसऱ्या ढिगाला दुखतात. तिसऱ्यानंतर पाय आपलेच आहेत का ते खाली बघून ठरवावे लागते."

समासात सरांची जांभळी पेन्सिल होती. आतापर्यंत सरांनी नुसत्या खुणा केल्या होत्या, त्याही कंटाळल्यासारख्या. इथे मजकुराच्या कडेने उभी रेघ ओढली होती आणि बाजूला लिहिलं होतं: *श्री. ओबांदो, हे आपण स्वतः केले आहे काय?*

नेलिदाने ते दोनदा वाचलं. मग तिने एवारिस्तोला हाताने बोलावलं.

तो चष्मा डोळ्यांवर आणून वाकला, वाचत गेला, आणि सरांच्या प्रश्नापाशी पोचल्यावर त्याच्या पोटातून हसू आलं. ते त्याने दप्तरखान्याच्या नियमाप्रमाणे दाबलं. "मळेवाल्याचं पोर. चून्यो तुडवलाय म्हणे. बाई, याच्या पायात जन्मतानाच बूट असणार."

"सरांनी पुढे विचारलं असेल का त्याला?"

"तोंडी परीक्षा असायची. सगळ्यांसमोर. आणि हे सर सोडणाऱ्यांतले नव्हते. माझ्या काकांना त्यांनी मेंढीच्या आजारांवर अर्धा तास उभं केलं होतं." तो पुन्हा हसला. "तो काय सांगणार? मी नाही लिहिलं, असं सांगायची सोय नाही. मी लिहिलं म्हणाला, तर सर म्हणणार, बूट काढा, दाखवा कसं तुडवतात."

बेनिग्नाने सांगितलेली ती सकाळ नेलिदाला दिसली. चूल, तोंडात कोंबलेला पाव. पिशवीतून तिने वही आणि पेन्सिल काढली.

"फोटोला कुलसचिवांचं पत्र लागतं," एवारिस्तो जरा ओशाळून म्हणाला. "आठ-दहा दिवस जातात. हाताने उतरवायला मनाई नाही."

"हातानेच उतरवते."

ती उतरवू लागली. एक शब्द पाहायचा, एक शब्द लिहायचा. डोळ्यांनी वाचताना ती नेहमी ओळीच्या पुढे धावायची. इथे हाताला डोळ्यांच्या पुढे जाता येत नव्हतं. आईनेही हे असंच लिहिलं असेल, फक्त तिच्यासमोर कच्चा कागद नव्हता. काय लिहायचं ते आठवत बसावं लागलं असेल. की लागलं नसेल?

"तुडवून झाल्यावर आई मुलीला जवळ घेते. मुलीचे पाय आपल्या पोटाला लावते आणि वरून शाल गुंडाळते. आईचे पोट गरम असते. पाय पुन्हा दुखू लागेपर्यंत ती सोडत नाही. दुखू लागले म्हणजे परत आले."

नेलिदाची पेन्सिल थांबली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात आईचे पाय गार पडायचे. नेलिदा त्यांवर मोजे चढवायची, एकावर एक दोन, आणि नर्सला सांगून गरम पाण्याची पिशवी आणवायची. सगळं वेळच्या वेळी केलं होतं. आई पायांकडे पाहायची, मग तिच्याकडे पाहायची. काही हवंय का, असं विचारलं तर नाही म्हणून मान हलवायची.

सहा ओळी तिने तशाच जाऊ दिल्या, नुसत्या पाहिल्या. मग मागे येऊन त्या उतरवल्या.

चौकातले ढोल थांबले होते. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून फळ्यांवर गेलं होतं. पानाच्या खालच्या भागात ओळी जरा दाट झाल्या होत्या, जागा पुरणार नाही हे लक्षात आल्यासारख्या.

"मुलगी नऊ वर्षांची असेल तर तिचे वजन कमी पडते. बटाट्यातले पाणी निघत नाही. म्हणून तिच्या पाठीवर धाकट्या भावाला बांधतात."

आईला भाऊ नव्हता. म्हणजे, आईने कधी सांगितला नव्हता. फॉर्मवर भावंडांच्या रकान्यात ती आडवी रेघ मारायची. नेलिदा त्या ओळीकडे पाहत राहिली. पाठीवर बांधण्याएवढा भाऊ, वजन वाढवण्याइतका जड. त्याचं काय झालं, तो कुठे राहिला, दहाव्या वर्षी बहिणीला कुणी शहरात नेलं तेव्हा तो किती मोठा होता, यातलं काही विचारायला आता कुणी नव्हतं. तिने भाऊ हा शब्द उतरवला. तो तिला तिच्याच अक्षरात परका दिसला.

"त्याला ते आवडते, कारण वर-खाली होते. पण ऊन यायच्या आधी तोही गारठतो आणि रडू लागतो. तेव्हा मुलगी थांबू शकत नाही. ती तुडवता तुडवता मान वळवून त्याला सांगते की"

इथे पान संपत होतं.

किल्ल्यांचा जुडगा वाजला. एवारिस्तो दाराशी कोट घालून उभा होता. "चार वाजले, बाई. शुक्रवार आहे. आता पहारेकरी मलाच आत कोंडून जाईल."

"झालंच."

तो जवळ आला. तिची वही, मग आईचं पान, मग ते शेवटचं अर्धं वाक्य त्याने वाचलं. "अरे," तो म्हणाला. "उलटा ना. थांबतो मी."

तिने पानाचा कोपरा अंगठा आणि बोट यांत धरला. कागद पातळ होता. मागची शाई अंधूक दिसत होती, उलटी, वाचता न येणारी. पण किती आहे ते दिसत होतं. पानाच्या मध्यापर्यंत दाट ओळी, मग मोकळी जागा, मग मथळ्याची जाड अक्षरं. तो मथळा तिला माहीत होता, पहिल्या पानावर अनुक्रमणिका होती. आहारानंतर रस्ते आणि पूल. म्हणजे आई अजून अर्धं पान बोलणार होती. त्यानंतर पुन्हा ओबांदो.

तिने कोपरा सोडला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी कधी? सोमवारी मिरवणूक, सगळं बंद. मंगळवारीच आता." त्याने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि खिशातून फोन काढला. "हे बघा, साहेब केव्हाच गेले. मी टिपून देतो मागची बाजू. अर्धं तर पान आहे. तुम्ही घरी जाऊन वाचा, पत्रबित्र नंतर बघू."

फोन तिच्यासमोर धरलेला होता. घरी गेल्यावर काय होईल ते तिला स्पष्ट दिसलं. चपला काढायच्या आधीच ती ते वाचेल. एकदा वाचेल, मग दहादा वाचेल, आणि शनिवारी सकाळी उठेल तेव्हा आईचं सगळं सांगून झालेलं असेल.

"नको," ती म्हणाली. "मी मंगळवारी येते."

"चार दिवस? पान उलटायला किती वेळ लागतो?"

"मी सात वर्षांची असल्यापासून विचारतेय तिला. आता सांगायला लागलीय. घाई नाही करणार."

एवारिस्तोने तिच्याकडे पाहिलं, मग फोन खिशात टाकला. टेबलाच्या खणातून त्याने कोऱ्या कागदाची पट्टी काढली, तिच्यावर पेन्सिलने तिचं नाव आणि मंगळवार लिहिलं आणि ती पानांत घातली. कुठे घातली ते त्याने तिला दाखवलं, एकतीस आणि बत्तीसच्या मध्ये नव्हे, त्याच्या एक पान अलीकडे. "चुकून उघडू नये म्हणून," तो म्हणाला. नाडी बांधताना त्याने गाठ सैल ठेवली, आणि वही वर फळीवर न चढवता आपल्याच कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बाहेर चौकात पथकातली पोरं ढोल पाठीला अडकवून घरी निघाली होती. आकाशात ढग नव्हता. नेलिदा चढ चढू लागली. नऊ वर्षांची मुलगी पाय बधिर झालेले असताना पाठीवरच्या भावाला काय सांगेल, याचा ती विचार करत होती. ऊन टेकडीवरून निघालंय, आता येईलच, असं सांगेल. आई सार करतेय, असं सांगेल. किंवा नुसते ढीग मोजत राहील, एक झाला, दोन झाले. सान ब्लासपर्यंत तिने पाच-सहा वाक्यं रचली. एकही आईच्या आवाजात बसेना. बंद खाणावळीच्या दाराशी थांबून तिने सातवं रचायला घेतलं.